प्रतिसादाचे मोल : ‘द हंगर गेम्स’ आणि विद्यार्थी-वाचक

१

साहित्यकृतीला वाचकाने दिलेला प्रतिसाद आस्वादाच्या कक्षेतच राहतो, की तो आचाराच्या कक्षेतही प्रवेश करतो, हा प्रश्न साहित्यशास्त्राला नवा नाही. विद्यार्थी-वाचकाच्या बाबतीत मात्र तो बहुधा फार सोपा करून मांडला जातो. विद्यार्थ्याने कृती वाचावी, तिच्यातील मूल्यसंघर्ष ओळखावा, त्यावर आपले मत सकारण नोंदवावे. मत योग्य असेल तर प्रतिसादही योग्य, असे गृहीत धरले जाते. मराठीत कुमार वाङ्मयाचा विचार दीर्घकाळ ‘संस्कार’ या कल्पनेभोवती फिरत राहिल्यामुळे हे गृहीतक येथे अधिकच घट्ट बसले आहे. चांगले पुस्तक वाचून मुलाने चांगले मत बाळगावे, एवढ्याने वाचनाचे नैतिक प्रयोजन सिद्ध झाले असे समजले जाते.

कुमार-युवा वाचकांसाठी लिहिल्या गेलेल्या डिस्टोपियन कादंबरीने ही मांडणी अडचणीत आणली आहे. यूटोपिया आदर्श समाजाचे चित्र रेखाटतो, तर डिस्टोपिया टोकाला जाऊन बिघडलेल्या समाजव्यवस्थेचे. लोइस लौरी यांची ‘द गिव्हर’ (१९९३) आणि सुझन कॉलिन्स यांची ‘द हंगर गेम्स’ (२००८) ही या प्रकाराची सर्वपरिचित उदाहरणे होत. ‘द हंगर गेम्स’सारख्या कादंबरीतील अन्याय इतका उघड असतो, की त्याचा निषेध करण्यासाठी विद्यार्थ्याला ती वाचण्याचीही गरज नसते. मुलांना एकमेकांचा जीव घ्यावयास लावणारी सत्ता निंद्य आहे, हे मत वाचनापूर्वीही त्याच्यापाशी असते आणि वाचनानंतरही तसेच राहते. मग त्याच्या प्रतिसादाचे नैतिक मोल कशावरून ठरवावयाचे? उत्तरपत्रिकेतील निषेधाच्या तीव्रतेवरून ते ठरविता येत नाही, एवढे तरी स्पष्ट आहे. या प्रश्नाचा विचार ‘द हंगर गेम्स’च्या तीन खंडांच्या आणि तिला प्रत्यक्षात मिळालेल्या काही प्रतिसादांच्या आधारे करता येईल.

२

कादंबरीची रचना प्रथम ध्यानात घ्यावयास हवी. पॅनेम नावाच्या देशात कॅपिटॉल ही वैभवशाली राजधानी आणि तिच्या अंकित असलेले बारा जिल्हे आहेत. पूर्वी झालेल्या बंडाची शिक्षा म्हणून दरवर्षी प्रत्येक जिल्ह्यातून बारा ते अठरा वर्षे वयाचा एक मुलगा आणि एक मुलगी सोडत काढून निवडली जातात. ही चोवीस मुले एका बंदिस्त रणांगणात सोडली जातात, त्यांतील एकच जिवंत उरावयाचे असते, आणि हे सारे दूरचित्रवाणीवर दाखविले जाते. गरीब घरातील मुलाला धान्य आणि तेल यांच्या मोबदल्यात आपले नाव सोडतीत अधिक वेळा घालता येते. म्हणजे सोडत दिसावयास निःपक्षपाती असली, तरी भूक तिचा तोल ढळविते. बारा वर्षांच्या प्रिमचे नाव निघते तेव्हा तिची सोळा वर्षांची बहीण कॅटनिस तिच्या जागी स्वतः पुढे होते.

देशाचे नावच प्राचीन रोममधील एका उपहासाकडे बोट दाखविते. जनतेला भाकरी आणि खेळ मिळाले की ती राजकीय हक्क विसरते, हा जुव्हेनाल या लॅटिन कवीचा टोला होता. ‘पॅनेम’ म्हणजे त्यातील भाकरी. दूरचित्रवाणीच्या वाहिन्या बदलताना एकीकडे स्पर्धांचे कार्यक्रम आणि दुसरीकडे इराक युद्धाची दृश्ये समोर येत राहिली, आणि त्या सरमिसळीतून या कादंबरीची कल्पना सुचली, असे कॉलिन्स यांनी सांगितले आहे. कादंबरीचा रोख क्रूर राज्यकर्त्यांइतकाच ते क्रौर्य पाहत बसणाऱ्यांवर आहे, हे या दोन्ही गोष्टींवरून दिसते.

पाहणारे या खेळात निष्क्रिय नाहीत. ज्या स्पर्धकाची कहाणी त्यांना आवडते त्याला ते पैसे खर्चून औषध, अन्न पाठवू शकतात. म्हणून जिवंत राहण्यासाठी कॅटनिसला पीटावरील प्रेमाचा अभिनय करावा लागतो. कथानक कोणत्या दिशेने जावे हे प्रेक्षकांची आवड ठरविते. आता या कादंबरीचा वाचक काय करीत असतो? तोही प्रकरणामागून प्रकरण ओलांडत, पुढे कोण मरणार आणि या दोघांचे जमणार की नाही, हे जाणून घेण्यासाठी अधीर झालेला असतो. निवेदन कॅटनिसच्या तोंडून, प्रथमपुरुषी आणि वर्तमानकाळात आहे. त्यामुळे वाचकाची सहानुभूती तिच्या बाजूला असते. परंतु त्याचे आसन कॅपिटॉलच्या प्रेक्षागृहात असते. सहानुभूती आणि आसन यांतील ही फारकत हेच या कादंबरीचे नैतिक मर्म म्हणता येईल.

३

रूसो याने १७५८ साली दालंबेर यास लिहिलेल्या पत्रात रंगभूमीवर जो आक्षेप घेतला, तो येथे आठवणे उपयुक्त ठरेल. नाटकातील दुःखितांसाठी अश्रू ढाळले की प्रेक्षकाला आपले माणुसकीचे कर्तव्य पार पडल्यासारखे वाटते. प्रत्यक्षातील दुःखिताला वेळ, पैसा, कष्ट द्यावे लागतात, कल्पित दुःखिताला अश्रूंखेरीज काहीच द्यावे लागत नाही. रंगभूमीविषयी रूसोचा एकूण निष्कर्ष स्वीकारण्याचे कारण नाही. परंतु फुकटच्या सद्‌गुणाचे त्याने केलेले निदान डिस्टोपियन कादंबरीच्या वाचकाला अचूक लागू पडते. कॅपिटॉलचा धिक्कार करताना वाचकाला स्वतःच्या चांगुलपणाचा जो प्रत्यय येतो, त्याची किंमत त्याने कोठेच चुकविलेली नसते.

बाजारपेठेने ही विसंगती वाचकांपेक्षा लवकर हेरली. दुसऱ्या खंडावरील चित्रपट २०१३ साली प्रदर्शित झाला, त्या वेळी कव्हरगर्ल या कंपनीने ‘कॅपिटॉल’ या नावाने सौंदर्यप्रसाधनांची मालिकाच काढली. ज्या नटव्या, बेफिकीर प्रेक्षकवर्गाचा कादंबरीत उपहास आहे, त्याच्यासारखे दिसण्याची सोय तिच्या चाहत्यांना करून देण्यात आली. याला केवळ व्यापारी चातुर्य म्हणून बाजूला सारता येत नाही. ते आसन आधीच भरलेले होते. कंपनीने त्यावर नावाची पाटी लावली, इतकेच.

४

दुसरा प्रतिसाद अधिक अस्वस्थ करणारा आहे. अकराव्या जिल्ह्यातून आलेली रू ही बारा वर्षांची मुलगी कॅटनिसची रणांगणातील सोबतीण होते आणि मारली जाते. तिच्या मृत्यूचा प्रसंग अनेक तरुण वाचकांना कादंबरीतील सर्वांत करुण प्रसंग वाटला होता. रूची त्वचा गडद तपकिरी असल्याचे कादंबरीत स्पष्ट सांगितले आहे. तरीही २०१२ मध्ये पहिला चित्रपट आला आणि रूच्या भूमिकेत कृष्णवर्णीय मुलगी दिसली, तेव्हा काही तरुण वाचकांनी समाजमाध्यमांवर उघड नाराजी व्यक्त केली. मनातली रू अशी नव्हती, आणि ती अशी असल्यामुळे तिच्या मरणाचे दुःख कमी झाले, असाही सूर त्यात होता.

भारतीय रसविचाराच्या परिभाषेत या घटनेचे स्वरूप नेमके सांगता येते. भट्टनायकाने मांडलेल्या आणि अभिनवगुप्ताने स्वीकारलेल्या साधारणीकरणाच्या प्रक्रियेत विभावादी ‘माझे’ किंवा ‘परक्याचे’ या संबंधांतून मुक्त होतात. अभिनवगुप्ताने रसप्रतीतीच्या आड येणारी जी सात विघ्ने सांगितली आहेत, त्यांतील एक म्हणजे भाव स्वतःचाच किंवा परक्याचाच असल्याच्या जाणिवेने विशिष्ट देशकालात अडकून पडणे. वरील वाचकांनी रूला आपल्या वर्णाची, आपल्या परिसराची मुलगी कल्पिले होते. त्यांचा शोक खरा होता. मात्र तो रूसाठी नव्हता, स्वतःच्याच एका प्रतिमेसाठी होता. त्याला साधारणीकरण न म्हणता स्वगतीकरण म्हणावे लागेल. प्रतिमा भंगली तेव्हा शोकही ओसरला, हा त्याचा पुरावा.

या घटनेतून एक गोष्ट ध्यानात येते. तीव्र भावना हीदेखील प्रतिसादाच्या नैतिक सचोटीची खूण नव्हे. योग्य मत पुरेसे नाही, हे आधीच दिसले होते. उत्कट हळहळही पुरेशी नाही, हे येथे दिसते. संहितेत स्पष्ट लिहिलेला शब्द नजरेआड करूनही रडता येते.

५

तिसरा प्रतिसाद थायलंडमधील विद्यार्थ्यांचा. २२ मे २०१४ रोजी तेथे लष्कराने सत्ता हाती घेतली आणि पाच किंवा त्याहून अधिक व्यक्तींनी राजकीय कारणासाठी एकत्र येण्यास बंदी घातली. त्या काळात बँकॉकमध्ये काही जण सार्वजनिक ठिकाणी ऑर्वेलची ‘नाइन्टीन एटी-फोर’ (१९४९) मुकाट्याने वाचत बसू लागले. वाचन हाच निषेध ठरला. त्याच सुमारास, जूनच्या आरंभी, तीन बोटे उंचावण्याची खूणही निदर्शनांत दिसू लागली. ती ‘द हंगर गेम्स’मधून आलेली होती. १९ नोव्हेंबर २०१४ रोजी खोन केन येथे तत्कालीन पंतप्रधान प्रयुत चान-ओचा यांच्या भाषणाच्या वेळी पाच विद्यार्थी समोर उभे राहिले, त्यांनी तीन बोटे उंचावली आणि ते ताब्यात घेतले गेले. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या खंडावरील पहिला चित्रपट प्रदर्शित व्हावयाचा होता. बँकॉकमधील एका चित्रपटगृह-समूहाने त्याचे खेळ रद्द केले. ऑगस्ट २०२० मध्ये तर शाळांतील मुलांनी सकाळच्या ध्वजवंदनाच्या वेळी, राष्ट्रगीत चालू असताना, हीच खूण केली. म्यानमारमध्ये १ फेब्रुवारी २०२१ च्या लष्करी उठावानंतर ती रस्त्यांवर पसरली, आणि २६ फेब्रुवारीस त्या देशाचे संयुक्त राष्ट्रांतील राजदूत क्याव मो तुन यांनी ती आमसभेत केली.

कादंबरीत या खुणेचा अर्थ काय आहे? कॅटनिस बहिणीच्या जागी पुढे होते तेव्हा तिच्यासाठी टाळ्या वाजविण्याचे आवाहन जमावाला केले जाते. कोणी टाळी वाजवीत नाही. मग एकामागून एक लोक डाव्या हाताची मधली तीन बोटे ओठांना लावून ती तिच्या दिशेने धरतात. बाराव्या जिल्ह्यातील ही जुनी, क्वचित वापरली जाणारी, अंत्यविधीच्या वेळी कधीतरी दिसणारी रीत आहे. कृतज्ञता, आदर आणि प्रिय माणसाचा निरोप असे तिचे अर्थ आहेत. पुढे रूच्या मृतदेहाला फुलांनी सजविल्यावर कॅटनिस तीच खूण करते. त्यानंतर अकरावा जिल्हा तिच्यासाठी भाकरी पाठवितो. अर्धपोटी राहणाऱ्या लोकांनी परक्या जिल्ह्यातील मुलीला दिलेला हा प्रतिसाद आहे. पहिल्या चित्रपटात या भाकरीची जागा दंगलीच्या दृश्याने घेतली. थायलंडमध्ये पोचलेल्या खुणेच्या अर्थात या दृश्याचाही वाटा असावा, हे नाकारता येणार नाही. त्यातही काही निदर्शकांनी तिला स्वातंत्र्य, समता, बंधुता असा फ्रेंच राज्यक्रांतीचा अर्थ दिला, जो संहितेत कोठेही नाही.

६

येथे साहित्यसमीक्षेचा रास्त आक्षेप उभा राहतो. हा प्रतिसाद कादंबरीला आहे की चित्रपटातील एका दृश्याला? संहितेबाहेरचा अर्थ तिच्यावर लादला जात असेल, तर रूला आपल्या रंगात रंगविणारे वाचक आणि तीन बोटांना आपला अर्थ देणारे वाचक यांत भेद काय राहिला?

रा. भा. पाटणकर यांनी ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७४) या ग्रंथात सौंदर्यविषयक संकल्पनेची जी द्विध्रुवात्मक मांडणी केली, तिच्या साहाय्याने हा प्रश्न नीट मांडता येतो. अलौकिकतावादी ध्रुवावरून पाहता कृतीतील खूण कृतीच्या घटनेतच अर्थपूर्ण असते, ती बाहेर नेली की तिचे कलात्मक अस्तित्व संपते. लौकिकतावादी ध्रुवावरून पाहता कृती आणि जीवन यांत सातत्य असते, आणि खूण रस्त्यावर येणे ही त्या सातत्याची स्वाभाविक परिणती ठरते. आस्वादव्यवहार या दोहोंपैकी एकाच टोकाशी पूर्णतः स्थिरावत नाही. न. चिं. केळकर यांची ‘सविकल्प समाधी’ची कल्पनाही याच मधल्या अवस्थेचे वर्णन करते : वाचक पात्राशी एकरूप होतो आणि त्याच वेळी स्वतःचे भानही राखतो. थाई विद्यार्थ्याच्या बाबतीत हे स्वतःचे भान निर्णायक आहे. आपण कॅटनिस आहोत असा भ्रम त्याला झाला, असे मानण्याचे कारण दिसत नाही. आपण त्या जमावातील आहोत, ज्याला टाळ्या वाजविण्यास सांगितले गेले आहे, एवढे त्याला ओळखू आले.

यातच वरील दोन प्रतिसादांतील भेद सापडतो. रूच्या वाचकाने पात्राला आपल्या आकारात कापून घेतले. त्याने संहितेतील शब्द मिटविला. थाई विद्यार्थ्याने खुणेत भर घातली, परंतु तिचा गाभा, म्हणजे आज्ञापित टाळ्यांना दिलेला मूक नकार, अबाधित राहिला. लुईझ रोझेनब्लॅट यांनी १९३८ पासून वाचनाचा विचार वाचक आणि संहिता यांच्यातील देवघेव म्हणून केला. देवघेवीत दोन्ही बाजू बदलतात. ज्या वाचनात संहिता तेवढी बदलते आणि वाचक होता तसाच राहतो, त्याला देवघेव म्हणता येणार नाही. थाई विद्यार्थ्याच्या वाचनात खुणेचा अर्थ बदलला हे खरे. पण वाचकाची जागाही बदलली. तो प्रेक्षागृहातून उठला.

७

तथापि येथे थांबून रस्त्यावरील प्रतिसादाचा गौरव करणे फार सोपे होईल, आणि कादंबरीच ते करू देत नाही. दुसऱ्या खंडात, ‘कॅचिंग फायर’मध्ये (२००९), विजययात्रेवर निघालेली कॅटनिस अकराव्या जिल्ह्यात रूविषयी मनापासून बोलते. गर्दीतील एक वृद्ध रूची सुरावट शीळेवर वाजवितो, सारा जमाव तीन बोटे उंचावतो, आणि त्या वृद्धाला तिच्या डोळ्यांदेखत गोळी घातली जाते. भावना कॅटनिसची होती, किंमत वृद्धाने दिली. तिसऱ्या खंडात, ‘मॉकिंगजे’मध्ये (२०१०), बंडखोरांचे नेतृत्व तिलाच एक चिन्ह बनविते, तिच्या शोकाचे प्रचारपट तयार होतात. ज्या बहिणीसाठी ती पुढे झाली होती ती प्रिम मुलांवर टाकलेल्या बाँबच्या स्फोटात मरते, आणि ते बाँब बंडखोरांनीच टाकले असावेत असा संशय बळावतो. विजयानंतर कॅपिटॉलच्या मुलांचे शेवटचे खेळ भरवावेत असा प्रस्ताव बंडखोरांची अध्यक्ष कॉइन मांडते. कॅटनिस त्याला होकार देते, आणि नंतर आपला बाण कॉइनवरच सोडते. त्या होकारामागचा तिचा हेतू कादंबरी उघड करून सांगत नाही.

म्हणून प्रतिसादाची किंमत मोजणे ही त्याच्या सच्चेपणाची कसोटी असली, तरी योग्यतेची पुरेशी कसोटी ठरत नाही. किंमत आंधळा अनुयायीही मोजतो. तिच्या जोडीला आणखी दोन अटी लागतात. आपल्या प्रतिसादाचे देणे आपण दुसऱ्या कोणावर ढकलीत नाही ना, हे वाचकाने पाहिले पाहिजे. आणि जी खूण उचलली तिच्यावर संशय घेणारा संहितेचा उरलेला भागही त्याने वाचला पाहिजे. पहिला खंड वाचून तीन बोटे उंचावणे शक्य आहे. तिसरा खंड वाचल्यावरही ती उंचावता आली तर त्या कृतीत वाचनाची परिपक्वता आली असे म्हणता येईल. थाई विद्यार्थ्यांपैकी कोणी किती वाचले होते, यावर निवाडा देण्याचा अधिकार सुरक्षित अंतरावरच्या समीक्षकाला नाही. परंतु प्रश्न म्हणून तो प्रत्येक वाचकासमोर, आणि समीक्षकासमोरही, उरतोच.

यातून अध्यापनाची एक मर्यादाही स्पष्ट होते. निषेधाचे सुबक उत्तर लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला गुण देताना आपण फुकटच्या सद्‌गुणाला उत्तेजन देत आहोत, याची जाणीव अध्यापकाला असावयास हवी. पण त्यावर उपाय म्हणून विद्यार्थ्याकडून धाडसाची मागणी करणे अधिक वाईट. दुसऱ्यांच्या मुलांना रणांगणात पाठवून त्यांच्या शौर्याचे मूल्यमापन करणे हाच तर कॅपिटॉलचा, आणि पुढे कॉइनचाही, व्यवहार आहे. ज्या प्रतिसादाला खरे मोल असते तो मागता येत नाही आणि त्याला गुणही देता येत नाहीत.

अध्यापकाला करता येण्याजोगे एक काम मात्र उरते. या कथेत तुझे आसन कोठे आहे, हा प्रश्न त्याने विचारावा, आणि त्याचे उत्तर पाठ्यपुस्तकातील सूचनेप्रमाणे ‘कॅटनिसच्या बाजूला’ असे येऊ लागले, तर ते स्वीकारण्याची घाई करू नये. तिच्या बाजूला सगळेच असतात. टाळ्यांचे आवाहन झाले तेव्हा हात कोठे होते, याचे उत्तर विद्यार्थ्याने आणि अध्यापकाने स्वतंत्रपणे शोधावयाचे आहे, आणि ते उत्तरपत्रिकेत लिहिले जाईलच असे नाही.